वरचं काम, खालचं काम

९ ऑगस्ट १९७५. सकाळचं काम : एनिमाचा डबा आणि नळी उकळून ठेवणे. खाट नंबर एकला एनिमा देणे.

माझ्या जुन्या वहीत त्या तारखेला एवढीच ओळ आहे. तेव्हा मी रोजच्या कामाची वही लिहायचे. त्या दिवशी बाकी जे झालं ते वहीत नाही. ते लिहायला मला बारा वर्षं लागली.

दवाखाना वैनगंगेच्या काठच्या एका गावात होता. ट्रस्टचा, तीस खाटांचा. आता बंद पडला आहे. बायकांच्या वॉर्डात धानाची पोती रचलेली असतात. मी तिथे नर्स होते, वय एकोणतीस.

खाट नंबर एक कोपऱ्यात होती आणि तिला हिरवा पडदा होता. बाकीच्या खाटांना पडदे नव्हते. या खाटेच्या डोक्याशी पितळेची पट्टी होती. तिच्यावर ज्या मालगुजाराचं, म्हणजे गावाच्या जमीनदाराचं, नाव कोरलेलं होतं त्यांनी ती खाट दान दिली होती. ते कधीच वारले होते. त्या खाटेवर आता त्यांची बायको होती. मालगुजारी कायद्यानं जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. पण सानगडीकडच्या त्यांच्या गावात लोक त्यांना मालगुजारीणबाईच म्हणत, आणि दवाखान्यातही सगळे तेच म्हणायचे.

वय साठीच्या पुढे. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं दुकानातल्या पुड्या खाल्लेल्या. त्या पुड्यांनी जठरात जखम झाली होती. पोटात जळजळ, अन्न जाईना, आणि चार दिवस पोट साफ नाही. डॉक्टरांनी एनिमा सांगितला.

मी साबणाचं पाणी कोमट केलं. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. नळीला तेल लावलं. सावकाश दिलं, डबा फार उंच धरला नाही. दहा मिनिटांनी पॅन दिला. पोट मोकळं झालं. त्यांना पुसलं, लुगडं बदललं, चादर बदलली.

"बरं वाटलं वो बाई," त्या म्हणाल्या. "दोन रातीपासून नीजच नोयती."

मी कोपरापर्यंत हात धुतले. आठ वाजले होते. आठला त्यांचं दूध होतं. जठराच्या जखमेला तेव्हा दर दोन तासांनी दूध देत. मी फीडिंग कपात दूध ओतलं, डाव्या हातानं त्यांची मान उचलली. त्यांनी तोंड उघडलं.

पडदा सरकवून त्यांचा मुलगा आत आला. चाळिशीचा माणूस, पांढरा पायजमा, खिशाला पेन. मला पाहून थांबला.

"बाई, गाव कोणतं तुमचं?"

"शहापूर."

"शहापुरात कोणत्या टोलीवर?"

मी आमच्या टोलीचं, वस्तीचं नाव सांगितलं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आम्ही ते बदललं होतं. मी नवं नाव सांगितलं, त्याला जुनं कळलं.

"ते दूध ठेवा खाली," तो म्हणाला.

मी कप स्टुलावर ठेवला. त्यानं तो माझ्या हातातून घेतला नाही. बाहेर उभ्या असलेल्या गड्याला हाक मारली. "हे दूध नालीत ओत. कप राखेनं घास, मग आगीवर धरून आण."

मालगुजारीणबाईंचं तोंड अजून उघडंच होतं. माझा हात अजून त्यांच्या मानेखाली होता.

ते मुलाला दिसलं. पण मान उचलणाऱ्या हाताबद्दल तो काही बोलला नाही. पाच मिनिटांपूर्वी मी जे काम केलं होतं त्याबद्दलही बोलला नाही. विटाळ फक्त दुधापुरता होता.

वॉर्डच्या इनचार्ज बाई आल्या. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, नागपूरच्या, कामात हुशार. मुलगा त्यांच्याशी हात जोडून बोलला.

"सिस्टर, मी काही जुन्या विचाराचा माणूस नाही. पण आईचं वय झालं, तिचं मन आहे. असं करा ना जी, वरचं तुम्ही पाहा. खालचं या बाईले करू द्या. त्यांचं कामही जात नाही, आमचं मनही राह्यते."

इनचार्ज बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन का, हे त्या बघत होत्या. मी चादर सारखी केली. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. खाट एक. वरचं काम, पुढे त्यांचं नाव. खालचं काम, पुढे माझं.

माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरात त्या दवाखान्यात आधी कधी लिहिलं गेलं नव्हतं.

वरचं म्हणजे दूध, पाणी, औषध, गोळी, तोंड धुणं, केस विंचरणं. खालचं म्हणजे पॅन, एनिमा, पुसणं, कपडे. ओकारीचं भांडं कोणाचं यावर थोडा विचार झाला. ओकारी वरून येते, पण घाण असते. तीही मला मिळाली.

ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं की तोंडापासून खालपर्यंत एकच नळी आहे. पोटाच्या रोग्याला जी नर्स खाऊ घालते तिनंच बाहेर काय आलं ते पाहावं. म्हणून तर कागदावर दोन रकाने असतात, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. दोन्ही शेजारी शेजारी. एकाच नजरेत दिसावेत म्हणून.

आमच्याकडे तो कागद पाण्याच्या गडव्याजवळ टांगलेला होता. पितळेचा गडवा त्यांच्या घरून आला होता, चिंचेनं घासून लखलखीत. त्या बाजूला मी जायचं नव्हतं. म्हणजे कागदही वरच्या कामात गेला, आणि पेनही. मी पडद्याबाहेरून सांगायचं, इनचार्ज बाई लिहायच्या.

वॉर्डातल्या सफाईच्या सुभद्रामावशीनं फळा पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या बाईकडून वाचून घेतला आणि मोरीवर माझ्याजवळ आली.

"काहून वो बाई, तुमी त मॅट्रिक शिकल्या, नर्सिंग शिकल्या. मी काहीच नाही शिकली. आन् आपण दोघी भेटलो कोठी? मोरीवर!"

ती हसली. मीही हसले. ते हसणं मला अजून खुपतं. माझ्या बापानं दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत चिखल तुडवून मला शिकवलं होतं. मी पहिल्यांदा पांढरा गणवेश घालून घरी गेले तेव्हा तो माझ्या शेजारी बसला नाही. म्हणाला, डाग पडंल. आणि मी हसत होते.

तीन दिवस मी खालचं काम केलं. नीट केलं. मी कामात कधी हयगय केली नाही, रागातही नाही. मालगुजारीणबाई माझ्याशी बोलायच्या, पण मुलगा बाहेर गेल्यावर.

"तुहा हात हलका हाय," एकदा म्हणाल्या. "त्या सिस्टरचा हात लागला का दुखते."

मी म्हटलं, "मग सांगा ना तुमच्या लेकाले."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

१३ ऑगस्टला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी पॅन उचलला. ही वेळ वहीत नाही. पण मला पाठ आहे.

काळं होतं. डांबरासारखं काळं, चिकट, चकाकणारं. पॅन तिरका केला तर सरकलं नाही. आणि वास.

त्या वासाला माझ्याकडे शब्द नाही. गोडसर असतो आणि लोखंडी असतो. रक्त पोटात फुटून, आतड्यातून सगळा प्रवास करून बाहेर येतं तेव्हाच तो वास येतो, दुसऱ्या कशाला येत नाही. ज्या नर्सनं तो एकदा घेतला ती विसरत नाही. आज मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पुस्तक मिटायला लावते आणि पॅनजवळ उभं करते. नाकाला पदर लावणाऱ्या मुलीला मी पदर काढायला लावते. मुली मला निर्दयी म्हणतात. म्हणोत.

मी पडद्याबाहेर येऊन इनचार्ज बाईंना सांगितलं. "बाई, एक नंबरला काळी संडास झाली. रक्त वाटतं."

"लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना त्यांना," त्या म्हणाल्या. "लोहानं काळीच होते. एवढंही माहीत नाही?"

मला माहीत होतं. लोहाच्या गोळीनं काळी होते, पण ती हिरवट काळी, घट्ट, आणि तिला हा वास नसतो. हा फरक पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि पाहायचं काम माझं होतं.

"बाई, वास वेगळा आहे. तुम्ही एकदा बघता का?"

त्यांच्या हातात दुधाचा कप होता. वरचं काम चालू होतं.

"आत्ता बघू? दूध पाजताना?" त्या म्हणाल्या. "आणि वासावरून निदान करायला तू डॉक्टर कधीपासून झालीस?"

त्यांनी उजव्या रकान्यात लिहिलं. एक वेळ. साफ.

नऊ वाजता डॉक्टर राउंडला आले. मी तो पॅन धुतला नव्हता. वर कापड टाकून ठेवला होता. डॉक्टरांना दाखवायचा असं मी ठरवलं होतं. पॅन दोन्ही हातांत धरून मी खाटेच्या मागच्या बाजूला, पडद्याआड उभी राहिले. मुलानं मला तिथे पाहिलं. "बाई, डॉक्टरसाहेब आहेत, ते घेऊन इथे काय उभ्या? मागेच राहा," तो म्हणाला. मी मागेच राहिले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. नाडी पाहिली. "नाडी थोडी जलद आहे," म्हणाले. मग विचारलं, "संडास?"

"साफ, सर," इनचार्ज बाई म्हणाल्या.

पडद्याला एक भोक होतं, रुपयाएवढं. त्यातून मला डॉक्टरांची बाही दिसत होती. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. माझ्या हातात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, कापडाखाली झाकलेलं.

मी बोलले नाही.

इतक्या वर्षांत मी याला बरीच कारणं दिली. नोकरी जाईल. इनचार्ज बाई सूड घेतील. मुलगा ट्रस्टवाल्यांच्या ओळखीचा. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्या क्षणी त्यांतलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की हे बोलणं वरचं काम आहे. चार दिवसांत फळ्यावरचा खडू माझ्या आत उतरला होता.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी पॅन मोरीवर नेऊन धुतला. तो धुतल्यावर सांगायला काही उरलं नाही. मुलाची जीप अंगणात निंबाखाली उभी होती. नागपूर दोन तासांवर होतं. तिथे रक्त मिळत होतं.

दुपारी दीडच्या सुमाराला मुलगा जेवायला गेला होता आणि इनचार्ज बाई स्टोअरमध्ये होत्या. मालगुजारीणबाईंनी पुन्हा पॅन मागितला. पुन्हा तेच, पण जास्त. त्यांना पुसताना मला त्यांचं अंग गार लागलं. कपाळावर घाम. ओठ पांढरे. मी नाडी धरली. ती माझ्या बोटाखाली सुतासारखी पळत होती.

"बाई," त्या म्हणाल्या, "पाणी दे वो मले. गळा सुकून राह्यला."

गडवा खाटेच्या पलीकडे होता. वर पालथी वाटी.

"पाणी दे वो," त्यांनी पुन्हा म्हटलं. "कोणीच नाही ना आता. तूच दे. मी कोणाले नाही सांगत."

मी गडव्याकडे पाहिलं. त्यात मला पडद्याचा हिरवा रंग आणि माझी टोपी दिसली. मी हात पुढे केला नाही. "थांबा, सिस्टरला बोलावते," म्हणाले आणि धावत निघाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण पुढे एका डॉक्टरबाईनं माझी समजूत काढायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, पोटात रक्तस्राव होत असताना पाणी द्यायचंच नसतं, तू बरोबर केलंस. हो. पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण मी पुस्तकासाठी थांबले नव्हते. आणि ओला कापूस ओठावर फिरवायला कोणत्याही पुस्तकानं मनाई केलेली नाही. कापूस माझ्या खिशात होता.

आम्ही परत आलो तेव्हा त्यांना रक्ताची उलटी झाली होती. उशी, चादर, स्टूल. गडव्यावरसुद्धा शिंतोडे होते. ओकारीचं भांडं माझ्या कामात होतं. मी ते धरलं. ते भरलं.

डॉक्टर आले. सलाईन लावलं. जीप दारापर्यंत आणली. पण त्यांना उचलण्यासारखी स्थिती राहिली नव्हती. त्या पाचच्या आधी गेल्या. शेवटपर्यंत जिभेनं ओठ चाटत होत्या.

डॉक्टरांनी खाटेवरची चादर उलटून पाहिली. काळा डाग पाहिला. "हे कधीपासून आहे?"

इनचार्ज बाई बोलल्या. "हिच्याकडे होतं, सर. खालचं काम हिचं होतं. हिनं सांगायला पाहिजे होतं."

मुलगा रडत होता. तो खराच रडत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू पाणी पाजलं का आईले?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. तोपर्यंत मी 'बाई' होते, 'तुम्ही' होते. आता तू झाले.

"सांग ना. हात लावला का तू गडव्याले?"

"नाही," मी म्हणाले. "नाही लावला."

तो शांत झाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आई मेली होती, आणि गडव्याला हात लागला नाही हे ऐकून त्याच्या खांद्यांतला ताण गेला.

माझ्यात जे काही बदललं ते तेव्हा बदललं. राग नव्हता. रागानं अंग तापतं, मी गार पडले होते. माझी आज्ञाधारकता त्याला भेट म्हणून मिळाली होती, आणि तिची किंमत त्याच्या आईनं दिली होती. तरी ती भेट त्याला आवडली.

इनचार्ज बाईंनी ड्यूटी संपताना मला कोरा कागद दिला. "उद्या सकाळी लिहून आण. काळी संडास झाली ते माझ्या लक्षात आलं नाही, असं लिही. माफी माग. मी सांभाळून घेते. नोकरी राहील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर माझ्या हातात काही नाही."

घरी गेल्यावर मी भात टाकला आणि लोखंडी तव्यावर वांग्याचे काप टाकले. तव्यातून तो वास आला. मी तवा बाहेर नेऊन ठेवला. हे अजून होतं. तव्याचा, ओल्या खिळ्याचा, गुळाच्या कढईचा वास आला की पडद्याच्या भोकातून ती बाही दिसते. माझ्या घरात पितळेचं एकही भांडं नाही. भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावात राहून नाही. पाहुणे विचारतात. मी सांगते, घासायला वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला वॉर्डात आले. दिवसपाळीच्या आधी अर्धा तास. खाट नंबर एक रिकामी होती, गादी बाहेर टाकली होती. पडदा अजून होता. कागद अजून टांगलेला होता. गडवा त्यांनी नेला होता.

मी पडद्याच्या आत गेले. त्या बाजूला गेले जिथे जायचं नव्हतं. कागद काढला. उजव्या रकान्यात जिथे 'साफ' लिहिलं होतं त्याच्या खाली लिहिलं : '१३ तारीख, सकाळी सहा दहा. काळी, चिकट, रक्ताचा वास. इनचार्ज बाईंना तोंडी सांगितलं. पाहायला आल्या नाहीत. नऊ वाजता डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पॅन घेऊन पडद्यामागे उभी होते. मी बोलले नाही. दुपारी दीड, पुन्हा तीच. नाडी अतिजलद, अंग गार. रुग्णानं पाणी मागितलं. मी ओठसुद्धा ओले केले नाहीत. कारण फळ्यावर आहे.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. टोलीचं नाव लिहिलं.

माफीचा कोरा कागद कोराच त्याला जोडला आणि दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. फळा पुसला नाही. डॉक्टरांनी तो आधी वाचायला हवा होता.

मग कामाला लागले. खाट नंबर चारवर एक म्हातारी होती, गॅस्ट्रोची, दोन दिवसांपासून. बांध्यांत भरपूर धान पिकवणाऱ्या घरातली. तिचा पॅन मी उचलला. झाकण काढून उजेडात पाहिला. पिवळं, पातळ, रक्त नाही. कागदावर स्वतः लिहिलं. कोपरापर्यंत हात धुतले. मग मीठ-साखरेचं पाणी फीडिंग कपात ओतलं आणि तिच्या मानेखाली हात घातला.

तिची सून उठून उभी राहिली. तिनं दोन दिवस फळा वाचला होता.

"बाई, हे त ते सिस्टर..."

"मीच सिस्टर आहे," मी म्हणाले. "ज्या हातानं काढते त्याच हातानं पाजते. नको असेल तर दोन्ही नको म्हणा. एक चालणार नाही."

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूचे ओठ सुकले होते.

मी कप ओठांना लावून थांबले. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. मी घोट घोट पाजलं. कप रिकामा झाल्यावर डाव्या रकान्यात लिहिलं, आणि पाच नंबरच्या खाटेकडे गेले.